इमारतीची कर्ब-खतावणी

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, ही म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. खर्चाचा अंदाज हमखास चुकतो, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव तिच्यात साठवलेला आहे. परंतु घर बांधताना रुपयांच्या खर्चाबरोबर आणखी एक खर्च होत असतो, आणि त्याची नोंद घरमालकाच्या वहीत नसते, तशीच ठेकेदाराच्याही वहीत नसते. सिमेंट आणि विटा भाजताना, लोखंड वितळवताना, हे सामान मालमोटारींतून आणताना आणि पुढे त्या घरात दिवे, पंखे व पाण्याचे पंप चालवताना जो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो, तो हा दुसरा खर्च होय. सोईसाठी त्यास आपण कर्बवायू म्हणू. ह्या वायूमुळे पृथ्वीचे तपमान वाढत आहे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे, आणि तो कमी सोडावा ह्याविषयीही फारसा मतभेद राहिलेला नाही. प्रश्न आहे तो हिशेबाचा. ज्या खर्चाची खतावणीच नीट लिहिलेली नाही, त्यात काटकसर कोठे व किती झाली हे कळणार कसे? प्रस्तुत व्याख्यानात ह्या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम खर्चाचा आवाका पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार, २०२१ साली जगात ऊर्जावापरातून व औद्योगिक प्रक्रियांतून जो कर्बवायू बाहेर पडला, त्यापैकी सुमारे ३७ टक्के इमारती व बांधकाम ह्यांच्या वाट्याचा होता. ह्या खर्चाचे दोन भाग पडतात. एक, इमारत वापरात असताना वीज व इंधन ह्यांमुळे होणारा. आणि दुसरा, इमारत उभी करताना, तिची डागडुजी करताना व शेवटी ती पाडताना होणारा. पहिल्यास चालू खर्च म्हणू, दुसऱ्यास अंगभूत खर्च. चालू खर्च पुढेही कमी करता येतो. पंखे बदलता येतात, गच्चीवर सौर यंत्रणा बसवता येते, आणि वीजनिर्मितीच अधिक स्वच्छ झाली तर आपण काही न करताही तो उतरतो. अंगभूत खर्चाचा मोठा भाग मात्र वास्तुशांतीच्या आधीच होऊन गेलेला असतो. स्लॅब ओतला गेला की त्यातील सिमेंटचा कर्बवायू परत घेता येत नाही. म्हणून येथे जी काही काटकसर करावयाची ती नकाशा कागदावर असतानाच करावी लागते. आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या हाती असलेले आकडे सर्वांत कच्चे असतात. अडचणीचे मूळ येथे आहे.

एखाद्या वस्तूचा उगमापासून अंतापर्यंतचा हिशेब मांडण्याची पद्धत अर्ध्या शतकाहून जुनी आहे. १९६९ साली अमेरिकेतील कोका-कोला कंपनीने मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट ह्या संस्थेकडून पेयाच्या निरनिराळ्या बाटल्या-डब्यांचा असा अभ्यास करून घेतला. कोणत्या भांड्यासाठी कच्चा माल व ऊर्जा किती लागते आणि घाण किती निर्माण होते, हा त्याचा विषय होता. पुढे ह्या पद्धतीस जीवनचक्र-मूल्यमापन असे नाव मिळाले आणि १९९७ साली आयएसओ १४०४० हे तिचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. इमारतींसाठी युरोपात २०११ साली ईएन १५९७८ हे मानक आले. त्याने इमारतीच्या आयुष्याचे टप्पे पाडून दिले. कच्चा माल खणणे, तो कारखान्यात नेणे व त्यापासून बांधकामाचा माल तयार करणे हा पहिला टप्पा. तो माल कामावर पोहोचवणे आणि बांधकाम करणे हा दुसरा. मग वापर, देखभाल, दुरुस्ती व बदल. आणि अखेरीस पाडकाम, राडारोड्याची वाहतूक व विल्हेवाट. पाडलेला माल पुन्हा उपयोगी पडला तर होणारा लाभ वेगळ्या रकान्यात दाखवावयाचा, मूळ बेरजेत मिसळावयाचा नाही, अशीही व्यवस्था त्यात आहे. ज्यांनी कधी रोजकीर्द-खतावणी लिहिली आहे, त्यांना ह्या शिस्तीचे महत्त्व सांगावयास नको. पुढे येईल अशी आशा असलेली रक्कम आजच जमेस धरली की ताळेबंद फुगतो, तसेच हे आहे.

हिशेबाची रीत पाहू गेल्यास सोपी आहे. प्रत्येक मालाचे वजन घ्यावयाचे, त्याच्या एका किलोमागे किती कर्बवायू सुटला त्या आकड्याने ते गुणावयाचे आणि शेवटी बेरीज करावयाची. गुणाकार कोणालाही येतो. खरा प्रश्न असा की, हा किलोमागचा आकडा आणावयाचा कोठून?

सिमेंटचे उदाहरण घेऊ. चुनखडी भट्टीत तापवली की तिचा चुना होतो आणि कर्बवायू सुटतो. रसायनशास्त्राच्या साध्या नियमाने १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना व ४४ किलो कर्बवायू निघतो. भट्टी कितीही उत्तम असली तरी ह्यात फरक पडत नाही. शिवाय भट्टीतील माल सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यासाठी जे इंधन जाळतात, त्याचा कर्बवायू निराळा. दोन्ही मिळून, भट्टीतून निघणाऱ्या क्लिंकर नावाच्या खड्यांच्या एका किलोमागे ढोबळ मानाने ०.८५ किलो कर्बवायू पडतो. ह्या क्लिंकरमध्ये थोडे जिप्सम घालून दळले की साधे सिमेंट होते. त्यातच औष्णिक वीजकेंद्रातील राख मिसळली की पोझोलाना सिमेंट होते. राख वेगळी भाजावी लागत नाही. म्हणून राख जितकी अधिक, तितका क्लिंकर कमी आणि कर्बवायूही कमी.

आता पुढे पाहा. भारतीय मानकाप्रमाणे अशा पोझोलाना सिमेंटमध्ये राखेचे प्रमाण १५ टक्क्यांपासून ३५ टक्क्यांपर्यंत असू शकते. जिप्समसाठी ५ टक्के सोडले, तर एका पोत्यात ८० टक्के क्लिंकर असेल आणि दुसऱ्यात ६० टक्केच असेल. पहिल्याच्या किलोमागे ०.६८ किलो कर्बवायू पडला, दुसऱ्याच्या किलोमागे ०.५१. बाजारात नाव मात्र दोघांचे एकच. हजार चौरस फुटांच्या घराला, ठेकेदारांच्या नेहमीच्या ठोकताळ्याप्रमाणे, सुमारे ४०० पोती म्हणजे २० टन सिमेंट लागते असे धरले, तर पहिल्या सिमेंटने बांधलेल्या घराच्या नावे १३.६ टन कर्बवायू लागेल आणि दुसऱ्या सिमेंटने बांधलेल्या घराच्या नावे १०.२ टन. फरक ३.४ टनांचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार आपल्याकडील विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू पडतो. ह्याचा अर्थ, महिना शंभर युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाच्या चार वर्षांच्या विजेइतका हा फरक आहे; आणि तो केवळ पोते निवडण्यातला आहे.

परंतु हिशेबनीसाच्या तक्त्यात ‘पोझोलाना सिमेंट, किलोमागे ०.६०’ अशी एकच ओळ असेल तर काय होईल? दोन्ही घरांचा हिशेब सारखाच, १२ टन, निघेल. ज्याने विचारपूर्वक निवड केली त्याची काटकसर कागदावर उमटणार नाही, आणि ज्याने केली नाही त्याचा जादा खर्च सरासरीच्या आडोशाला लपून राहील. कारखानदाराचेही तेच. राख वाढवावी, भट्टीतील उष्णता वाया जाऊ देऊ नये, म्हणून ज्याने भांडवल घातले, त्याच्या मालाला ह्या तक्त्यात शेजाऱ्याच्या मालाइतकाच भाव. जी काटकसर हिशेबात दिसत नाही, ती फार काळ कोणी करीत नाही. सरसकट आकड्याचा खरा तोटा हा आहे. तो थोडाफार चुकीचा असतो ही गोष्ट दुय्यम होय. तो चांगल्या-वाइटातील भेद पुसून टाकतो, ही मुख्य.

विटेची स्थिती अधिकच बिकट. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील वेंकटराम रेड्डी व जगदीश ह्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भाजक्या विटेमागे सरासरी ४.२५ मेगाज्यूल ऊर्जा धरली आहे. दगडी कोळशात सांगावयाचे तर हे एका विटेमागे सुमारे २०० ग्रॅम होतात. पण ही सरासरी झाली. आपल्या महाराष्ट्रात कच्च्या विटा आणि इंधन ह्यांचे थर रचून भट्टी पेटवण्याची पद्धत सर्रास आढळते, आणि तीत उष्णतेचा बराच भाग उघड्यावर वाया जातो. हवा नागमोडी वळणांनी फिरवणाऱ्या सुधारित भट्टीत तीच वीट कमी कोळशात भाजून निघते. केंद्र शासनाच्या पर्यावरण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचना काढून वीटभट्ट्यांना अशा पद्धतींकडे वळण्यास सांगितले. तथापि आपल्या भिंतीतील वीट कोणत्या भट्टीची आहे, हे तक्त्यातील त्या एका ओळीला ठाऊक नसते. ह्याच अभ्यासाचा एक निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. भिंतींवर भार पेलणाऱ्या इमारतींत कमी ऊर्जेचे पर्यायी साहित्य वापरल्यास अंगभूत ऊर्जा सुमारे निम्म्याने घटू शकते, असे त्यांना आढळले. म्हणजे वाव मोठा आहे. तो दाखवणारे माप तेवढे हवे.

ह्या आकड्यांत दोष शिरतात ते कोणत्या वाटांनी, हेही पाहावयास हवे. पहिली वाट म्हणजे परदेशी तक्ता जसाच्या तसा उचलणे. अ‍ॅल्युमिनियमची खिडकी घ्या. एक किलो अ‍ॅल्युमिनियम विद्युत्‌भट्टीत वेगळे करण्यास सुमारे १४ युनिटे वीज लागते. नॉर्वेत ही वीज धबधब्यांची, म्हणून तीपोटी कर्बवायू जवळजवळ नाही. कोळशाच्या विजेवर तेच काम केले तर केवळ विजेपोटी किलोमागे दहा किलोंहून अधिक कर्बवायू पडतो. धातू तोच, चकाकी तीच. पण नॉर्वेचा आकडा आपल्या खिडकीस लावणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगाचे माप देऊन आपला सदरा शिवून घेण्यासारखे आहे. दुसरी वाट म्हणजे जुना आकडा. कारखान्याची यंत्रे बदलतात, इंधन बदलते, वीज बदलते. तक्ता मात्र दहा-पंधरा वर्षांपूर्वीचाच राहतो. तिसरी वाट हद्दीची. कोणी कारखान्याच्या दारापर्यंतचाच खर्च मोजतो, कोणी कामावर माल पोहोचेपर्यंतचा, आणि मग ह्या दोहोंची तुलना केली जाते. चौथी वाट परिमाणाची. अंदाजपत्रकात लिहिलेले सिमेंट आणि प्रत्यक्ष आलेली पोती ह्यांत अंतर पडते. तुटलेल्या विटा, कापून उरलेल्या सळया, भिजून वाया गेलेली पोती ह्यांचाही कर्बवायू सुटलेलाच असतो.

पाचवी वाट सर्वांत नकळत शिरणारी, ती म्हणजे इमारतीच्या आयुष्याचे गृहीत. अंगभूत खर्च चौरस मीटरमागे ३०० किलो आहे असे समजू. इमारत ५० वर्षे उभी राहील असे धरले तर वर्षाकाठी ६ किलो पडतात. ती ३० वर्षांतच पाडली तर १० किलो. पुण्या-मुंबईकडे पुनर्विकासासाठी पाडल्या जाणाऱ्या सहकारी गृहसंस्थांच्या इमारती पाहिल्या म्हणजे ह्या गृहीताविषयी शंका आल्यावाचून राहत नाही.

मग ह्यावर उपाय काय? उपाय असा की, मालाचा आकडा तक्त्यातून न घेता माल करणाऱ्याकडूनच घ्यावा आणि तो तिऱ्हाइताने तपासलेला असावा. अशा पर्यावरण-घोषणापत्रासाठी २००६ साली आयएसओ १४०२५ हे मानक झाले, आणि बांधकामाच्या मालाचे घोषणापत्र कसे लिहावे ह्याचे नियम युरोपात २०१२ साली ईएन १५८०४ ह्या मानकाने घालून दिले. औषधाच्या बाटलीवर जसे घटक लिहिलेले असतात, तसे ह्या घोषणापत्रात त्या विशिष्ट कारखान्यातील त्या विशिष्ट मालाचा टप्प्याटप्प्याचा हिशेब असतो. पण घोषणापत्र देण्याचा खर्च आणि खटाटोप कारखानदाराने का करावा? सरासरीचा आडोसा फुकट मिळत असताना कोण बाहेर येईल?

येथे स्वीडनने योजलेली युक्ती मोठी मार्मिक आहे. त्या देशात १ जानेवारी २०२२ पासून नव्या इमारतीसाठी हवामान-घोषणापत्र देणे बंधनकारक झाले. बोवेर्केट नावाच्या तेथील सरकारी गृहनिर्माण खात्याने सरसकट आकड्यांचा तक्ता सर्वांना फुकट उपलब्ध करून दिला. मात्र त्यातील आकडे सरासरीपेक्षा २५ टक्के चढे ठेवले. ज्यास नेमका आकडा मिळवण्याचे श्रम नकोत, त्याने हा चढा आकडा वापरावा. ज्याचा माल खरोखर बरा आहे, त्याने स्वतःचे घोषणापत्र आणावे. फ्रान्सनेही त्याच दिवसापासून निवासी इमारतींना लागू केलेल्या नियमांत हेच तत्त्व ठेवले. घोषणापत्र नसलेल्या मालासाठी शासनाने दिलेले आकडे मुद्दाम प्रतिकूल आहेत. अज्ञानाला किंमत लावली की ज्ञान आपोआप गोळा होऊ लागते, हा ह्यातील व्यवहार. डेन्मार्कने एक पाऊल पुढे टाकून १ जानेवारी २०२३ पासून हजार चौरस मीटरांहून मोठ्या नव्या इमारतींना, ५० वर्षांचे आयुष्य धरून, चौरस मीटरमागे वर्षास १२ किलोंची मर्यादाच घातली, आणि जुलै २०२५ पासून ती आणखी खाली आणली. मर्यादा घालावयाची तर मोजमाप आधी विश्वासार्ह हवे, हे उघड आहे. नाहीतर मर्यादा पाळली जाते ती कागदावर, आणि हवेत पूर्वीइतकाच वायू जात राहतो.

येथे कोणी रास्त आक्षेप घेईल. मोठ्या सिमेंट कंपनीला घोषणापत्र करून घेणे परवडेल. नदीकाठी हंगामापुरती भट्टी लावणाऱ्या वीटवाल्याने काय करावे? त्याची वीट कदाचित बऱ्यापैकी काटकसरीने भाजलेली असेल, पण प्रमाणपत्र नाही म्हणून तिला चढा आकडा लागेल, आणि तपासणीचा खर्च पेलू शकणारा बडा कारखानदार त्याच्यापुढे जाईल. हा अन्याय खरा आहे, आणि त्याचा विचार न करता परदेशी नियम जसाच्या तसा आणणे आम्हाला इष्ट वाटत नाही. पण त्यावर तोड आहे. एका तालुक्यातील एकाच पद्धतीच्या भट्ट्यांनी मिळून एक सामाईक घोषणापत्र करावे. तपासणीचा खर्च वाटला जाईल. आणि त्यासाठी लागणारी मूळ नोंद काही अवघड नाही. हंगामात किती टन कोळसा व भुसा आला, किती विटा भाजल्या आणि किती फुटल्या, एवढे तीन आकडे वहीत लिहिले की अर्धे काम झाले. ते तीन आकडे भट्टीवाल्याच्या स्वतःच्या फायद्याचेही आहेत, कारण कोळसा त्याच्याच पैशाने येतो.

आपल्या देशात ह्या दिशेने काहीच झालेले नाही, असे नव्हे. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २०१७ साली भारतीय बांधकाम-मालाच्या अंगभूत ऊर्जेचा व कर्बवायूचा तक्ता तयार केला, त्यामुळे निदान परक्या तक्त्यावर विसंबण्याची गरज कमी झाली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या ठरवली. एक टन तयार पोलादामागे २.२ टनांहून कमी कर्बवायू असेल तरच त्यास हरित म्हणावयाचे, आणि कमीपणाच्या प्रमाणात तीन ते पाच तारे द्यावयाचे. खनिजापासून कोळशाच्या भट्टीत केलेली सळई आणि भंगार वितळवून केलेली सळई ह्यांत कर्बवायूचा फार मोठा फरक असतो. हातात घेतल्यावर मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. तारे मिळाल्याने तो फरक ग्राहकास दिसू शकेल. सिमेंटच्याही अनेक पोत्यांवर राखेचे टक्के छापलेले असतात. ते वाचण्याची सवय अजून आपल्याला लागलेली नाही, एवढेच.

श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या गृहसंस्थांपुढे आज ना उद्या पुनर्विकासाचा प्रश्न येईल, किंवा आलेलाही असेल. त्या वेळी सभेत चर्चा होते ती वाढीव चौरस फुटांची, भाड्याची व मोटारीच्या जागेची. ह्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. त्यांच्या जोडीस आणखी काही प्रश्न विचारावेत, असे आम्हास सुचवावयाचे आहे. जुना सांगाडा खरोखर पाडण्याच्या योग्यतेचा झाला आहे काय, की तज्ज्ञाकडून तपासून व मजबूत करून तो आणखी वीस वर्षे चालेल? त्या सांगाड्याचा कर्बवायू एकदा खर्ची पडलेला आहे. तो जितकी वर्षे उभा राहील, तितका हा खर्च अंगी लागेल. पाडणे अटळच असेल तर नव्या इमारतीत चौरस मीटरमागे सिमेंट व पोलाद किती लागणार, हे विकासकाने लिहून द्यावे. सिमेंट कोणते, राख किंवा पोलादभट्टीचा स्लॅग किती टक्के, सळई कोणत्या कारखान्याची, आणि त्या मालांना घोषणापत्र आहे काय, हेही विचारावे. इमारतीची मजबुती आणि सिमेंटची योग्यता ठरवणे हे अर्थातच स्थापत्य अभियंत्याचे काम आहे. काँक्रीट कोठे सावकाश घट्ट होऊन चालेल आणि कोठे नाही, हे तोच सांगू शकेल. पण प्रश्न विचारल्याशिवाय तोही नेहमीच्याच वाटेने जाणार.

आणि काम चालू असताना एक वही ठेवावी. प्रत्येक मालमोटारीबरोबर चलन येते. त्यावर माल, वजन, कारखाना व तारीख लिहिलेली असते, आणि आठ दिवसांत ते चलन कचऱ्यात जाते. ती चलने तारीखवार लावून ठेवली, तर इमारत पूर्ण होताच तिच्या अंगभूत खर्चाचा अंदाजपत्रकी नव्हे तर प्रत्यक्षातला हिशेब मांडता येईल. अशा शंभर इमारतींचे हिशेब एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने वा नगरपालिकेने एकत्र केले, म्हणजे त्या शहराचा स्वतःचा तक्ता तयार होईल. तेथील भट्ट्या, तेथील अंतरे आणि तेथील बांधण्याची रीत त्यात असेल. पुढच्या शंभर इमारतींचे नकाशे काढताना वास्तुशिल्पी त्याच तक्त्यावरून ठरवतील की भिंत कशाची असावी आणि स्लॅब किती जाडीचा असावा. आज आपल्याकडे सर्वसाधारण घराच्या बांधकाम-परवान्यासाठी असा हिशेब द्यावा लागत नाही. उद्या तो मागितला जाईल, तेव्हा उत्तर देण्यास लागणारे आकडे आजच्या चलनांतच आहेत. ती जपून ठेवण्यास फक्त एक फाइल लागते, आणि गृहसंस्थेचा एक चिकाटीचा चिटणीस.